ती नोंद कुणाला दिसते

(कोल्ड स्टोरेजच्या मागच्या भिंतीला लागून सायकल शेड. जेवणाची सुट्टी. नवरा आणि बायको दोघंही इथंच कामाला आहेत.)

नवरा : मला दमा कधीपासून झाला?

ती : हळू बोल.

नवरा : हळूच बोलतोय. दमेकऱ्याला मोठ्यानं बोलायला कुठं जमतं? सुपरवायझर मला म्हणतो, वासापासून लांब राहा, तुझ्या बायकोला फार काळजी आहे.

ती : मग काय सांगितलंस त्याला?

नवरा : खोकलो. तू सांगून आलीस म्हटल्यावर तुला खोटं कसं पाडणार? पण आता मला खरं सांग. इतकी वर्षं मी कॉम्प्रेसर रूममध्ये काढली. एका दिवसात मला उचलून माल चढवायच्या धक्क्यावर टाकलं. पेट्यांवर खुणा करत बसलोय. कशासाठी?

ती : थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. सीझन संपेपर्यंत.

नवरा : सीझन संपला की माझा दमा बरा होणार?

ती : एवढं एकदा न विचारता ऐक ना माझं.

नवरा : न विचारता मी तुझं बरंच ऐकतो. भाजी कुठली, पडदे कुठले, सुट्टी कधी. पण तू माझ्या कामात आजवर नाक खुपसलं नव्हतंस. म्हणजे तुझ्या त्या सिस्टीममध्ये काहीतरी आलंय.

ती : सिस्टीमचं मी घरी बोलत नाही. तुला माहीत आहे.

नवरा : हे घर नाही, सायकल शेड आहे.

ती : जेवून घे. डबा तसाच आहे तुझा.

नवरा : काल धक्क्यावरच्या कॉम्प्युटरवर मी कॉम्प्रेसर रूमचं बिघाडांचं पान उघडून बघितलं. सगळ्या नोंदी जागच्या जागी. पंख्याची जाळी, जिन्याचा कठडा, तेलाची गळती. एकतीस नंबर आहे, तेहेतीस आहे. बत्तीस कुठं गेला?

ती : मोजताना चुकला असशील.

नवरा : तीनदा मोजलं.

ती : मग नंबर टाकताना चुकला असेल.

नवरा : तुझ्या हातून? तू घरात मिठाच्या डब्यावरही चिठ्ठी लावतेस. आपल्या घरात मीठ कुणाला ओळखू येत नाही? तू येण्याआधी त्या सिस्टीमचा नुसता उकिरडा होता. एकच गळती तीन वेळा तीन नावांनी लिहिलेली. तू बसून एकेक नोंद जागेवर लावलीस. तुझा नंबर गळत नाही. तो कुणीतरी झाकलाय.

ती : मी झाकलाय. बास?

नवरा : तू?

ती : मीच. वरून सांगितलं, नोंद मर्यादित करा. मी केली. कुणाला काय दिसायचं ते लावणं माझं काम आहे. लोक उगीच मला कुलूपबाई म्हणत नाहीत.

नवरा : अमोनियाचं आहे का? त्या गॅसच्या पाइपाचं?

ती : मी मान हलवली तरी तू अर्थ काढणार, नाही हलवली तरी काढणार. नको विचारूस. मी सही केलेली आहे, बाहेर बोलायचं नाही म्हणून.

नवरा : आणि माझ्यासाठी दमा शोधून काढलास.

ती : दुसरं काय करणार होते मी? रोज सकाळी तू डबा घेऊन निघायचास आणि मला ती नोंद डोळ्यांपुढं दिसायची. मला तू तिथून बाहेर हवा होतास. काढला.

नवरा : माझ्या जागी कोण गेलंय, ठाऊक आहे?

ती : असेल कुणीतरी.

नवरा : लंबू.

ती : लंबूभाऊजी तर दुपारच्या पाळीला असतात.

नवरा : होते. माझ्यासाठी पाळी बदलून घेतली त्यानं. सकाळी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, तू तुझा श्वास सांभाळ, मशिनं मी सांभाळतो. वर घरून मध घेऊन आला होता माझ्यासाठी. बाटली आहे बघ पिशवीत.

ती : मला माहीत नव्हतं.

नवरा : विचारलं होतंस?

ती : नाही.

नवरा : का नाही विचारलंस?

ती : विचारलं असतं तर कुणाचं तरी नाव कळलं असतं. मग मला ते करता आलं नसतं.

नवरा : आता कळलं.

ती : बरं, सांगते तुला. पण फक्त तुला. शपथ घे, पुढं कुणाशी...

नवरा : नको.

ती : आत्ता तर मागे लागला होतास.

नवरा : तू मला सांगणार ते नवरा म्हणून. मग ते आपल्या दोघांत राहणार. मी धक्क्यावर पेट्यांवर खुणा करणार आणि लंबू आत उभा राहणार. तसं जाणून घेऊन मी काय करू? मला नको सांगूस. त्याला सांग. आत उभे राहतात त्या चौघांना सांग.

ती : नोकरी जाईल माझी.

नवरा : जाईल. मी नाही म्हणत नाही.

ती : घराचं कसं चालेल, मुलीची शाळा...

नवरा : हे सगळं मलाही दिसतंय. तू ठरव. मी चाललो.

ती : कुठं?

नवरा : आत. लंबूला सांगतो, दमा उतरला, जा घरी.

ती : अरे, नको जाऊस तिथं.

नवरा : का नको, सांग.

ती : डबा तरी खाऊन जा.

नवरा : बघ. सांगता येत नाही ना. म्हणूनच जातो. मध राहू दे तुझ्याकडे.

*

मॅनेजर : दार लावा आधी. आणि बसा. हे जिन्यात उभं राहून बोलायचं नाही.

ती : मी बसत नाही, साहेब. मला कॉम्प्रेसर रूमची बत्तीस नंबरची नोंद उघडी करायची आहे.

मॅनेजर : ती का मर्यादित केली, ते मी तुम्हाला लिहून दिलं होतं.

ती : दिलं होतं. मी तसं केलंही. आता मला ते पटत नाही.

मॅनेजर : पटण्याचा प्रश्न कुठं आला? मागच्या वर्षीचं विसरलात वाटतं तुम्ही. धक्क्यावर नुसता उग्र वास आला, आणि कुणीतरी सगळ्यांच्या फोनवर टाकून दिलं, अमोनिया फुटला म्हणून. शंभर माणसं एकाच दाराशी. पॅकिंगच्या मावशी खाली पडल्या, त्यांच्यावरून लोक गेले. आजही काठी घेऊन चालतात त्या. आणि निघालं काय? सफाईवाल्याच्या हातून बाटली फुटली होती.

ती : मावशींना दवाखान्यात मीच घेऊन गेले होते, साहेब.

मॅनेजर : मग? त्यानंतर आपण दोघांनी इथंच बसून ठरवलं. जे कच्चं आहे ते सगळ्यांना दाखवायचं नाही. आधी तपासायचं. तुम्हीच ते गट पाडलेत. कुणाला किती दिसायचं, तुम्हीच लावलंत.

ती : हो. पण हे कच्चं नाही. बाहेरून माणसं आली, पाइपावरचं वेष्टन सोललं, यंत्र लावून जाडी मोजली. एका वळणावर पाइप गंजून निम्मा उरलाय. त्यांनी लिहून दिलंय, लवकरात लवकर बदला.

मॅनेजर : लवकरात लवकर म्हणजे आज दुपारी नव्हे. पाइप मागवलाय मी. सीझन संपला, खोल्या रिकाम्या झाल्या की बदलायचा. आत्ता ती लाइन बंद केली तर निम्म्या खोल्या तापतील. आत लोकांची फळं आहेत, मासळी आहे. ती माणसं विश्वासानं ठेवून गेलीत आपल्याकडे.

ती : आणि आतले चौघे कुणाच्या विश्वासावर उभे आहेत?

मॅनेजर : मी बेफिकीर आहे असं वाटतं तुम्हाला? रोज सकाळी मी स्वतः त्या खोलीत जातो. मुद्दाम जातो. त्या वळणाखाली उभा राहतो.

ती : तुम्ही उभे राहून परत येता. ते तिथंच थांबतात, आख्खी पाळी.

मॅनेजर : तुमचे मिस्टर त्या खोलीतले म्हणून तुम्ही...

ती : ते तिथं नव्हते. मी त्यांना बाहेर काढलं होतं. दमा असल्याचं खोटं सांगून.

मॅनेजर : माहीत आहे मला.

ती : माहीत आहे?

मॅनेजर : सुपरवायझर बोलला होता. मी कानाडोळा केला. म्हटलं, बाईंचा जीव राहत नसेल. एवढं मी समजू शकतो.

ती : म्हणजे तिथं आपलं माणूस ठेवण्यासारखं नाही, हे तुम्हालाही मान्य होतं.

मॅनेजर : शब्दांत पकडू नका मला.

ती : पकडत नाही. आपण दोघांनी एकच केलं, साहेब. मला वाटलं माझा नवरा बाहेर आला म्हणजे झालं. तुम्हाला वाटलं बाईचं तोंड बंद राहिलं म्हणजे झालं. त्यांच्या जागी दुसरा माणूस जाऊन उभा राहिला, आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. आता तेही परत आत गेलेत. माझ्यावर रागावून. आत्ता या घटकेला आत आहेत.

मॅनेजर : पाणी घ्या.

ती : नको.

मॅनेजर : तुमचं म्हणणं काय आहे नक्की? सगळ्यांना उघडं करायचं? पुन्हा तीच पळापळ?

ती : सगळ्यांना नाही. आजवर आपण हुद्दा बघून दाखवत आलो. ज्याची खुर्ची मोठी त्याला जास्त दिसतं. तुम्हाला दिसतं, हेड ऑफिसला दिसतं, मी टेबलाशी बसते तरी मला दिसतं. जो मशिनाला हात लावतो त्याला दिसत नाही. मी वेगळा गट करते. कॉम्प्रेसर रूममध्ये ज्यांची पाळी लागते ते, आणि त्यांचा सुपरवायझर. तेवढ्यांनाच ती नोंद.

मॅनेजर : चौघांना कळलं की संध्याकाळपर्यंत चारशेंना कळतं.

ती : कळेलही.

मॅनेजर : मग माझं उत्तर नाही असं आहे. लेखी देऊ?

ती : द्या.

मॅनेजर : आणि तरीही तुम्ही उघडलीत, तर तुमचा ॲक्सेस मी काढून घेईन.

ती : घ्या. फक्त तो काढायची सोय या इमारतीत माझ्याच नावावर आहे. तुम्हाला हेड ऑफिसला फोन करावा लागेल.

मॅनेजर : ही धमकी आहे?

ती : धमकी द्यायची असती तर वर कशाला आले असते? खाली बसल्या बसल्या करून मोकळी झाले असते. मी काय केलं ते सिस्टीममध्ये माझ्या नावासकट, वेळेसकट राहणार आहे. तुम्ही नाही म्हणालात, हेही लिहिते मी. उद्या तुमच्यावर बालंट नको.

मॅनेजर : परवानगी बदलताना कारण लिहावं लागतं. काय लिहिणार?

ती : ही माणसं त्या पाइपाखाली काम करतात.

मॅनेजर : एवढंच?

ती : याहून जास्त काही सुचत नाही मला.

मॅनेजर : आणि मावशींसारखं आणखी कुणी पडलं तर? तेव्हा काय लिहाल?

ती : तेव्हा तेही माझ्या नावावर लिहीन. पण मी ते अचानक कुणाच्या स्क्रीनवर नेऊन आदळणार नाही. आधी आत जाते. चौघांना समोर बसवते. काय मोजलं, कुठं मोजलं, लाइन कशी वेगळी काढता येते, ते इंजिनिअरला त्यांच्यासमोर बोलायला लावते. मग उघडते.

मॅनेजर : इंजिनिअर माझ्या परवानगीशिवाय बोलणार नाही.

ती : मग मीच वाचून दाखवीन.

मॅनेजर : ऐकणार नाही तुम्ही.

ती : जाऊ मी?

मॅनेजर : मी आता हेड ऑफिसला फोन लावणार आहे. तुमचा ॲक्सेस बंद करा म्हणून सांगणार आहे. ते मला करावंच लागेल, कळतंय ना तुम्हाला?

ती : कळतंय.

मॅनेजर : त्यांचा फोन पटकन लागत नाही. बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहतं.

ती : साहेब...

मॅनेजर : इंजिनिअर खालच्या वर्कशॉपमध्ये आहे. मी पाठवलंय म्हणून सांगा. आणि जाताना दार लावून घ्या.

*

लंबू : वहिनी, गेटपास देता का? की माझी चौकशी करणार आधी?

ती : या, लंबूभाऊजी. कुठं निघालात पाळी सोडून?

लंबू : जुना पाइप भंगारात चाललाय, त्या गाडीबरोबर जातो. इकडं गेटवर बरं आहे की तुमचं. ऊन येतं, येणारेजाणारे दिसतात. तिकडं दिवसभर त्या पडद्याकडे डोळे लावून बसायचात.

ती : बरं आहे. नव्या मुलीला दिलंय माझं काम. मला आता फक्त गेटपासचं पान उघडतं. परवा चुकून कॉम्प्रेसर रूमवर बोट गेलं, तर सिस्टीम मलाच म्हणते, आपल्याला परवानगी नाही.

लंबू : कुलूपबाईलाच कुलूप.

ती : हसा. नोकरी राहिली, एवढं काय कमी आहे? साहेबांनी वर काय सांगितलं, देव जाणे. मला विचारावंसं वाटलं नाही.

लंबू : साहेब त्या दिवसापासून मऊ झालेत. काल आमच्याबरोबर बसून डबा खाल्ला. माझ्याकडून चटणी मागून घेतली.

ती : पाइप बघितलात तुम्ही? कापल्यावर?

लंबू : बघितला. त्या वळणावर अंगठ्यानं दाबलं तर पापुद्रे निघाले.

ती : म्हणजे फुटलाच असता.

लंबू : ते कसं सांगणार? सीझनभर टिकलाही असता. आता लाइन बंद करून पेट्यांतला माल सडला, त्यावरून लोक बोलतातच. म्हणतात, बाईंनी उगीच घाबरवलं, नाहीतर सगळं सुरळीत चाललं होतं.

ती : ऐकते मी. इथूनच तर जातात सगळे.

लंबू : मी ऐकून घेत नाही. त्या दिवशी तुमचा नवरा आत येऊन मला म्हणतो, दमा उतरला, तू घरी जा. मी म्हटलं, असा कसा जेवणाच्या सुट्टीत उतरला? आमची हमरीतुमरी चाललेली, तेवढ्यात तुम्ही दारात. मागं इंजिनिअर. तुमच्या हातात तो तपासणीचा कागद. सलग वाचलात सगळा. कुणी पळालं नाही, वहिनी. आम्ही चौघांनी मिळून ती लाइन बंद केली, वाचेल तेवढा माल दुसऱ्या खोल्यांत हलवला. माहीत असल्यावर माणूस इतकाही घाबरत नाही.

ती : हं.

लंबू : एक विचारू?

ती : विचारा.

लंबू : तुमच्या नवऱ्याला धक्क्यावर पाठवलंत, तेव्हा त्याच्या जागी मी येणार, हे ठाऊक होतं?

ती : नाही. पण कुणीतरी येणार, हे ठाऊक होतं.

लंबू : बरं.

ती : त्यांनी सांगितलं तुम्हाला?

लंबू : तो काय सांगणार? दमा नव्हता, नोंद तुम्हाला आधीपासून दिसत होती, मग मध्ये काय घडलं ते माझं मीच जुळवलं. चार दिवस झाले.

ती : तरी तुम्ही माझी बाजू घेऊन भांडताय लोकांशी.

लंबू : नोंद उघडलीत तेही खरंच आहे की. मला तुमच्यावर पुरतं रागावताही येत नाही न् झालेलं पुरतं विसरताही येत नाही. चाललंय तसंच. अडचण माझ्या बायकोची आहे.

ती : तिला कळलं?

लंबू : नाही ना. तिला एवढंच माहीत आहे की पाइप खराब होता आणि तुम्ही नोकरी पणाला लावून आम्हाला सांगितलंत. सगळ्या गल्लीत तुमचं कौतुक करत फिरतेय. तुमच्यासाठी काहीतरी विणायला घेतलंय. रात्री जेवताना तेच सुरू असतं, आणि मी अर्ध्या पानावरून उठतो.

ती : सांगा तिला.

लंबू : माझ्यानं नाही होणार. तुमचं येणंजाणं आहे, लहानपणापासूनची मैत्री. ती फार मनाला लावून घेईल. राहू दे ना. कुणाला कळतंय?

ती : नाही राहू द्यायचं. मीच सांगते. कधी असते ती घरी?

लंबू : विचार करा, वहिनी.

ती : केलाय. कधी असते?

लंबू : पाचनंतर. बेल बिघडलीय आमची. कडी वाजवा.